अजिंक्यताऱ्यावरून उतरताना पाय मुरगळला, घोटा सुजलाय. एक्स-रे काढावाच लागेल का?

लंगडत का होईना, चार पावलं टाकता येत असतील आणि हाडावर दाबून दुखत नसेल, तर एक्स-रेची गरज नाही. मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. आम्ही यासाठी कॅनडातले ‘ओटावा नियम’ वापरतो. बोटाने चाचपून बघा:

- घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांची मागची कड, खालच्या टोकापासून वर 6 सेंमीपर्यंत
- पावलाच्या बाहेरच्या कडेला, मध्यावर हाताला लागणारं हाड
- आतल्या बाजूला, कमानीच्या वरचं हाड

यांपैकी कुठेही हाडावर नेमकी कळ आली, किंवा चार पावलंही टाकवत नसली, तर आजच एक्स-रे काढा. नाहीतर बहुधा बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा, लिगामेंट) ताणलाय. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, गरम शेकही नको. तेल लावून रगडल्याने सूज आणखी वाढलेले पाय बघून फार वाईट वाटतं. दुखणं उतरलं की एका पायावर उभं राहायचा सराव जरूर करा, तो टाळणाऱ्यांचा तोच पाय पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते. मात्र मधुमेहामुळे पाय बधिर असेल, तर या तपासणीवर विसंबू नका, थेट डॉक्टरांना दाखवा.