रंगपेटी : यमनचं चित्र, तंबोरा न काढता

प्रश्न : सर, मी सांगलीत विश्रामबागला राहते. शाळेत असताना इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड होती. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा ब्रश हातात घेतला, शिवाय गाणंही शिकते आहे. यमन रागावर अमूर्त चित्र करायची फार इच्छा आहे. पण दर वेळी कोपऱ्यात एक तंबोरा येतो, त्यातून लाटा निघतात आणि घरचे म्हणतात, "कॅलेंडर छान झालंय." इंटरनेटवर सांगतात की प्रत्येक सुराला एक रंग ठरवा, सा लाल, रे केशरी वगैरे. तसं करून बघू का?

उत्तर : ताई, तक्त्याच्या नादी लागू नका. शुद्ध गांधार (ग) यमनात आहे, भूप रागात आहे, बिहागातही आहे. तक्ता लावलात तर तिन्हीकडे तो एकाच रंगाचा निघणार. मग त्यात यमनचं काय उरलं? सूर कुठून येतो, कुठे टेकतो आणि कुणाला वळसा घालतो, यातून राग उभा राहतो. चित्रात आणायचं ते हे.

तुम्ही गाणं शिकताय, तेव्हा हे तुमच्या गळ्यात असणारच. यमनात चढताना षड्ज (सा) आणि पंचम (प) बरेचदा गाळतात. नि रे ग, मग तीव्र मध्यम, ध, नि. गाणारा सा ओलांडून जातो, पण मागे तंबोऱ्यात तो अखंड चालूच असतो. तुमचं चित्र इथेच सापडेल असं मला वाटतं. सा रंगवायचाच नाही. तो बोर्डाच्या अस्तरात, म्हणजे सगळ्यात खालच्या रंगाच्या थरात ठेवायचा.

अठरा बाय चोवीस इंचांचा कॅनव्हास बोर्ड घ्या. यलो ऑकरमध्ये थोडा बर्न्ट सिएना मिसळून दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. त्यानंतर जे काही लावाल, ते या अस्तराच्या आजूबाजूने. खालून निषादाचा (नि) एक आकार वर येईल, वरून रिषभ (रे) त्याच्याजवळ येईल, पण दोघांच्या मधली फट बुजवायची नाही. हात शिवशिवेल, तरी नाही! सगळं उबदार रंगांत ठेवा आणि तीव्र मध्यमासाठी एकच थंड रंग राखून ठेवा, समजा अल्ट्रामरीनकडे झुकणारा. जागा थोड्या, पण कड धारदार.

आता लयीचं. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा. अतिविलंबितात, म्हणजे अगदी संथ लयीत, तालाचं एक आवर्तन मिनिटभरही चालतं. गाण्यात आपण समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघतो, चित्र मात्र एका नजरेत सगळं दिसतं. त्यामुळे डोळ्याला चालायला लावावं लागतं. बोर्डाच्या कडेला मास्किंग टेप लावा आणि टेपवरच पेन्सिलीने बारा खुणा करा. डावीकडचे सात-आठ भाग मोकळे, संथ. मुखडा (समेवर नेणारी बंदिशीची ओळ) जवळ येतो तसतशी आकारांमधली अंतरं कमी करत न्या आणि सगळ्यात जड वजन समेवर टाका. सम बरोबर मधोमध आणू नका, चित्र तिथेच बसतं.

तंबोरा काढणं हा गुन्हा आहे असं मात्र समजू नका. अमूर्त चित्रकार कांडिन्स्की 2 जानेवारी 1911 ला म्युनिकमध्ये संगीतकार शोनबर्गच्या मैफलीला गेला आणि त्यानंतर लगेच त्याने 'इम्प्रेशन 3 (कॉन्सर्ट)' केलं. पिवळ्याचा प्रचंड लोट आणि वरच्या बाजूला एक काळा आकार. तो काळा म्हणजे पियानो. आधीच्या रेखाटनांत पियानो आणि श्रोते चक्क ओळखू येतात. चित्रात येईपर्यंत वाद्याचं नुसतं वजन राहिलं. तुमच्या तंबोऱ्याचा भोपळा आणि दांडी अजून जशीच्या तशी आहे, घरच्यांना कॅलेंडर दिसतं ते त्यामुळे. शाळेतल्या वस्तुचित्राचा हात आहे तो, सहजी सुटत नाही.

तो सोडवायला एक दिवस मिरजेला सतारमेकर गल्लीत जा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात वाद्यांचे फोटो बघितले असतील. तिथे वाद्य बघू नका, जवारी लावताना, म्हणजे तारेचा आवाज खुलवताना ऐका. कारागीर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) कानसेने अगदी किंचित घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली दोरा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवतो. आधी तार बोदी बोलते, आणि एका जागी दोरा आला की आवाज फुलतो, एकाच तारेतून आणखी सूर ऐकू यायला लागतात. घरी आल्यावर रद्दी पेपर पसरा, तंबोरा लावा, हातात चारकोल घ्या आणि कागदाकडे न बघता हात चालू द्या. गाणं लावायचं नाही, नुसता तंबोरा. रेघा कशाही येवोत. पुढे रंगवताना त्या फुललेल्या आवाजासाठी कोरडा ब्रश वापरा. ब्रशवर रंग अगदी थोडा, हात हलका, म्हणजे कॅनव्हासच्या विणीतून अस्तर दिसत राहील. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (1924–2001) यांनी रोलर आणि पॅलेट नाइफने थरांवर थर देत काय काय केलं तेही बघा, पण रोलर इतक्यात घेऊ नका. रोलरने लवकर 'छान' दिसायला लागतं.

प्रश्न : तासगावात एप्रिलमध्ये ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळतं. दोन रंग एकमेकांत मिसळायच्या आत संपलं. काय करू?

उत्तर : पंखा बंद करा, आधी ते. घाम पुसत काम करावं लागेल. ताटात ओला टिश्यू पेपर, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, वरून अधूनमधून स्प्रेचा फवारा. रंगांच्या दुकानात रंग उशिरा वाळवणारा रिटार्डर मिळतो, तो बाटलीवर लिहिलंय तेवढाच घाला. पाणी ओतत सुटू नका, रंग धरून ठेवणारा बाइंडर पातळ होऊन रंगाची पकड जाते. आणि सकाळी लवकर बसा.

प्रश्न : कराडच्या एका प्रदर्शनात माझं संगीतावरचं चित्र लागणार आहे. नाव काय देऊ?

उत्तर : जे ऐकत केलंत तेच लिहा : 'मारवा, संध्याकाळ' किंवा 'झपताल'. 'नाद', 'स्पंदन' आणि 'सिम्फनी' नकोत, त्या नावांची भिंतीवर आधीच रांग असते. सही लहान करा. मागच्या बाजूला वर्ष, माप आणि माध्यम लिहा, आणि वरची बाजू कुठली तो बाण जरूर काढा. अमूर्त चित्र उलटं टांगलेलं मी प्रदर्शनात बघितलं आहे, आणि चित्रकार येईपर्यंत त्याची स्तुती चालली होती.