पोरांना घेऊन पालखीच्या वाटेने सायकलवर? या, पण परतीच्या वाटेने

तुम्ही विचारलंय की 8 आणि 12 वर्षांच्या मुलांना घेऊन, पुण्याहून येऊन, दिवाळीच्या सुट्टीत गजानन महाराजांच्या पालखीचा शेगाव-पंढरपूर मार्ग सायकलने करता येईल का.

अख्खा नका करू. जायची वाट सुमारे 750 किलोमीटरची, पालखीलाच महिना लागतो. सुट्टीत बसवायची तर रोज पन्नास-साठ किलोमीटर पडतील आणि धाकटं तिसऱ्या दिवशी सायकल आडवी टाकून रस्त्याच्या कडेला बसेल. आमचं बसलं होतं. तिथून टेम्पो करून घरी आलो.

पुढच्या वर्षी शहाणपणा केला. पंढरपूरहून येताना पालखी वेगळ्या वाटेने येते. तिचा आमच्या बुलडाणा जिल्ह्यातला भाग घ्या : सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव, शेगाव. दीडशेच्या थोडं वर अंतर, आम्ही सहा दिवस घेतले. मेहकरचं पठार सोडून पूर्णेच्या खोऱ्यात उतरायचं असल्याने शेवटी उतार आपल्या बाजूने असतो. मधले चढ येतातच, तिथे उतरून ढकलायचं, लाजायचं नाही. निघण्याआधी मुलांच्या सायकलचे ब्रेक रबर मात्र स्वतः बघा.

या वाटेचा खरा फायदा म्हणजे मुक्काम पायी माणसाच्या बेताने ठरलेले आहेत. त्या गावांत देऊळ आहे, पाणी आहे आणि परक्याला थारा द्यायची सवय आहे. जानेफळच्या अलीकडे एका आजोबांनी आम्हाला थांबवून आधी मलाच झापलं, "लेकरायले कायले दमवून राह्यले बाई?" मग अंगणात बाज टाकली, चहा आला, पोरांना भुईमुगाच्या शेंगा. तासभर गेला. दिवसाच्या हिशोबात असे दोन तास धरूनच निघा. सकाळी अकरापर्यंत सायकल, मग सावली, मग चारनंतर थोडी. पंचवीस-तीस किलोमीटर झाले की दिवस भरला म्हणायचं.

सावलीवरून आठवलं, सायकल बाभळीखाली उभी करू नका. आम्ही केली आणि एका सकाळी तीन पंक्चर निघाली. कडुनिंब शोधा. दोन जादा ट्यूब, पंप, सोल्युशन सोबत ठेवा, कारण खेड्यात पंक्चरवाला मिळतो पण लहान चाकाची ट्यूब मिळेलच असं नाही. दिवाळीच्या आसपास काही ठिकाणी सोयाबीन रस्त्यावरच पसरलेलं असतं. त्यावरून चाक सरकतं, आणि ते कुणाच्या वर्षाचं पीक असतं, तेव्हा उतरून कडेने चाला. पाऊस झाला तर शेतरस्ता टाळा, काळी माती मडगार्डात अशी बसते की चाक फिरत नाही.

मुलांना काय आवडलं म्हणाल तर लोणार. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद खड्डा, तोही उल्केने बेसॉल्टमध्ये पाडलेला, आणि तळाशी खारं पाणी. तिथे एक दिवस सायकलला सुट्टी द्या, खाली चालत उतरा. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान बघून माझ्या मुलीने शाळेत दोन आठवडे भाव खाल्ला. मेहकरच्या बालाजीच्या मूर्तीपुढे दोघं गप्प उभी राहिली, हे आमच्या घरात क्वचित घडतं.

फोनचा नकाशा कधीकधी समृद्धी महामार्गाकडे वळवतो. तिथे सायकलच काय, मोटरसायकललाही बंदी आहे, तेव्हा त्याचं ऐकू नका, चहाच्या टपरीवर विचारा.

येताना जालन्यापर्यंत रेल्वेने या, तिथून सिंदखेडराजा जवळ पडतं. परतीची गाडी शेगावलाच मिळते. सायकली लगेजमध्ये टाकायला स्टेशनवर बरंच आधी पोचा. शेगावची राहायची सोय संस्थानच्या भक्तनिवासात होते, पण सुट्ट्यांत गर्दी असते, म्हणून शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी पोचा.

खामगाव-शेगाव हा शेवटचा टप्पा पहाटे काढा. पोचल्यावर आधी दर्शन की आधी कचोरी यावर भांडण होईल. आधी कचोरी द्या, रांगेत उभं राहायला बळ लागतं.