अमेरिकेतल्या निवडणुकीसाठी थांबू का?

तू विचारलं आहेस की एम.एस.साठी प्रवेश मिळालाय, पण तुझे बाबा म्हणतात, "२०२८ची निवडणूक होऊ दे, मग बघू." तेव्हा थांबावं की निघावं? मी आपल्या बडोद्याचाच, दांडिया बाजारातला, आता पिट्सबर्गला असतो. याच कारणासाठी मी एक अख्खं वर्ष घालवलं, म्हणून सविस्तर लिहितो.

९ नोव्हेंबर २०१६ची सकाळ. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, तिकडच्या प्रवेशासाठीची जीआरई परीक्षा झालेली. आदल्या रात्री आठला ५०० आणि १,०००च्या नोटा रद्द झाल्याचं जाहीर झालं होतं, बँका बंद. तिकडची मतमोजणी आपल्याकडे पहाटेपासून दिसते, त्यामुळे मी चहा घेऊन सहालाच टीव्हीसमोर बसलो. शेजारी आजीने पापडाचा डबा पालथा घातलेला. तिच्या साठवलेल्या पाचशेच्या नोटांना हिंगाचा वास येत होता आणि ती दहा-दहाची चळत लावून पुन्हापुन्हा मोजत होती. पडद्यावर एकेक राज्य लाल होत गेलं. दुपारी बाराच्या सुमारास पेनसिल्व्हेनियाही ट्रम्प यांच्याकडे गेलं. मला अर्ज करायचे होते ती विद्यापीठं तिथलीच. माझे बाबा म्हणाले, "ज्यांच्याकडे जायचं, त्यांनाच आपण नको आहोत." आजोबा चिडले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३मध्ये कोलंबियाला गेले, ते काय तिथलं वारं बघून गेले होते का, असं त्यांचं म्हणणं. पण त्या वर्षी मी अर्ज केलेच नाहीत.

तो नकाशा आम्ही चुकीचा वाचला, हे इथे आल्यावर कळलं. पेनसिल्व्हेनियातला फरक एक टक्क्याहूनही कमी होता, तरी राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या तिथल्या तेव्हाच्या सगळ्या २० जागा एकालाच गेल्या आणि अख्खं राज्य एका रंगात रंगलं. देशभरात विरोधी उमेदवार हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतं अधिक होती. प्रतिनिधींच्या एकूण ५३८ जागांपैकी २७०चा आकडा मात्र ट्रम्प यांनी गाठला.

२०१८ला मी आलो. जुलै २०२०मध्ये ट्रम्प सरकारचा आदेश निघाला की ज्यांचे वर्ग पूर्ण ऑनलाइन आहेत त्या परदेशी विद्यार्थ्यांना इथे राहता येणार नाही. माझ्या रूममेटने बॅग पलंगावर उघडून ठेवली होती. रात्रभर त्याला झोप नाही. विद्यापीठं कोर्टात गेली आणि आठ दिवसांत आदेश मागे घेतला गेला. मग ७ नोव्हेंबरला याच पेनसिल्व्हेनियाने बायडन यांचा विजय पक्का केला. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला, "सुटलास रे बाबा!" पुढच्या मार्चच्या एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, सोडतीत माझं नाव लागलं नाही. वर्षाच्या ८५,००० जागा, त्यातल्या २०,००० इथल्या मास्टर्सवाल्यांना, हे कायद्यानेच ठरलेलं आहे. राष्ट्राध्यक्ष बदलले तरी जागा तेवढ्याच होत्या. मला आणखी एक वर्ष थांबावं लागलं.

तुझ्या बाबांची भीती खोटी नाही. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काचा आदेश निघालाच. पण २०२८नंतर काय होईल हे धरून तुझी दोन-अडीच वर्षं घालवू नकोस. आजच्या नियमाने पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याचं, १ वर्ष, विषय स्टेममधला (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) असेल तर आणखी २. तेवढ्या पगारात कर्ज फिटतं का, हे बाबांसमोर कागदावर मांड. एच-वन-बी मिळेल असं त्यात धरायचंच नाही. घर तारण ठेवावं लागणार असेल तर स्वस्तातलं विद्यापीठ बघ, नाहीतर यंदा येऊच नकोस, असं मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगेन. हिशेब जमत असेल तर आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं पत्र, हातात येताच मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घे, त्यात दिरंगाई नको.

विषय, एकूण खर्च आणि कर्जाचा व्याजदर एवढं लिहून पाठव. माझी संध्याकाळ म्हणजे तुमची सकाळ, बाबा ऑफिसला निघण्याआधी त्यांच्याशीही बोलतो.