अंमली पदार्थांचा 'गैरवापर' म्हणजे नेमके काय?

अमेरिकेच्या संघराज्य सरकारने १९७०च्या दशकात नशेसंबंधी केलेल्या कायद्यांवर मराठीत टिपण लिहिणाऱ्या एका वाचकाने तीन शंका विचारल्या आहेत: तेथील 'सबस्टन्स अब्यूज'ला 'पदार्थांचा गैरवापर' म्हणावे का, 'अमली' लिहावे की 'अंमली', आणि या कायद्यांत वारंवार येणाऱ्या 'हेल्थ प्लॅनिंग'साठी 'आरोग्य नियोजन' चालेल का.

पहिल्या शंकेचे उत्तर 'शक्यतो नको' असे आहे. 'गैरवापर' हा सरकारी गाडीचा होतो, अधिकाराचा होतो, निधीचा होतो. म्हणजे ज्या वस्तूचा एक मान्य वापर ठरलेला आहे, तिचाच तो होऊ शकतो. आता १९७०चा अमेरिकी नियंत्रित पदार्थ कायदा पाहावा. त्याने पदार्थांच्या पाच अनुसूची केल्या आणि पहिल्या अनुसूचीत जे पदार्थ घातले त्यांना तीन कसोट्या लावल्या: त्यांच्या 'अब्यूज'ची शक्यता मोठी असावी, त्यांना तेथे मान्य वैद्यकीय उपयोग नसावा आणि वैद्यकीय देखरेखीखालीही त्यांचा वापर सुरक्षित मानला जात नसावा. ज्याला मान्य उपयोगच नाही त्याचा गैरवापर कसा करणार, हा प्रश्न मराठी अनुवादकाला पडला पाहिजे, पण पडत नाही. 'अंमली पदार्थांचा गैरवापर' हे जोडकाम रोज छापून येते आणि आपण ते निमूटपणे वाचतो. मौज अशी की त्या कायद्यातही 'अब्यूज'ची व्याख्या दिलेली नाही.

हा शब्द खुद्द अमेरिकेतही सर्वांना मान्य नव्हता. याच १९७०च्या कायद्यान्वये गांजा व इतर नशांचा विचार करण्यासाठी पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर रेमंड शेफर यांच्या अध्यक्षतेखाली एक राष्ट्रीय आयोग नेमला गेला होता. त्याने १९७३च्या अहवालात स्पष्ट सांगितले की 'ड्रग अब्यूज' हा शब्दप्रयोग नापसंती व्यक्त करण्यापलीकडे काही काम करत नाही, म्हणून तो सरकारी भाषेतून काढून टाकावा. पुढच्याच वर्षी नशेवरील संशोधनासाठी जी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिच्या नावात हाच शब्द दिमाखाने बसला. आयोगाच्या शिफारशींचे नशीब सगळीकडे सारखेच असते असे दिसते.

आता माझ्या आवडीच्या शब्दाकडे येतो, आणि तो शब्द 'अंमल' आहे. अरबीतल्या 'अमल'चा मूळ अर्थ काम, कृती. फारसीतून तो मराठीत आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन अर्थ आले. एक सत्तेचा: पेशव्यांचा अंमल, इंग्रजी अंमल, अंमलदार. दुसरा नशेचा: भांगेचा अंमल, अफूचा अंमल. कृतीपासून नशेपर्यंतची वाट माझ्या मते सरळ आहे. औषध पोटात गेल्यावर 'काम करू लागते', आणि ते काम म्हणजेच त्याचा अंमल. हुकूम गावात पोहोचल्यावर चालू लागतो, तोही अंमलच. मराठीने हे दोन अर्थ केवळ क्रियापदांनी वेगळे ठेवले आहेत, हे मला फार विलक्षण वाटते: सत्तेचा अंमल बसतो आणि नशेचा अंमल चढतो. त्यामुळे 'अंमली पदार्थविरोधी कायद्याची अंमलबजावणी' असे आपण म्हणतो तेव्हा एकाच वाक्प्रयोगात तोच शब्द एकदा शरीरावर आणि एकदा राज्यावर चालत असतो. अमेरिकी संघराज्याने १९१४च्या हॅरिसन कायद्यापासून जे केले त्याचे याहून नेमके वर्णन मला सापडलेले नाही. तो कायदा कराचा होता, तो राबवण्याचे काम अर्थखात्याकडे होते, आणि अफूच्या अंमलावर सरकारी अंमल बसवण्याचा तो प्रयत्न होता.

आणखी एक बारकावा आहे. पंजाबीत 'अमली' म्हणजे नशेच्या आहारी गेलेला माणूस, आणि इराणी बोलीतही तसेच. मराठीने मात्र हे विशेषण माणसावरून उचलून पदार्थाला लावले. हा फरक मी क्षुल्लक मानत नाही. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाचशेहून अधिक मानसोपचार व्यावसायिकांना एकाच रुग्णाचे वर्णन देण्यात आले. काहींच्या कागदावर त्याला 'अब्यूजर' म्हटले होते आणि काहींच्या कागदावर 'पदार्थसेवनाचा विकार असलेला' असे. 'अब्यूजर' वाचणाऱ्यांचा कल रुग्णालाच दोषी धरण्याकडे आणि दंडात्मक उपायांकडे अधिक होता. हे लक्षात घेता, विशेषण पदार्थाला लावण्याची आपली चाल अधिक शहाणपणाची ठरते.

'अंमली' शब्द वापरण्यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला परिभाषा घडवणाऱ्यांचा. भारताच्या १९८५च्या कायद्याचे मराठी नाव त्यांनी 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम' असे केले. 'गुंगीकारक' हे ज्याचे भाषांतर, त्या 'नार्कोटिक'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ बधिरता, तेव्हा भाषांतर व्युत्पत्तीला धरून आहे, यात वाद नाही. पण कोकेनने गुंगी येत नाही, उलट झोप उडते. तरीही अमेरिकी आणि भारतीय दोन्ही कायदे त्याला 'नार्कोटिक' वर्गात बसवतात. व्युत्पत्तीशी एकनिष्ठ राहून वस्तुस्थितीशी बेइमान झालेली ही परिभाषा आहे. 'अंमल' मात्र गुंगीचाही असतो आणि तरतरीचाही.

दुसरा आक्षेप संस्कृताभिमान्यांचा. ते म्हणतात, 'व्यसन' असताना अरबीकडे जायचेच कशाला? कौटिल्याने 'व्यस्यत्येनं श्रेयस इति व्यसनम्', म्हणजे माणसाला कल्याणापासून दूर फेकते ते व्यसन, अशी सुरेख व्याख्या केली आहे हे खरे. पण त्याची व्यसने राजा, अमात्य, कोश आणि सैन्य यांच्यावरची संकटेही आहेत, आणि मनूच्या अठरा व्यसनांत मद्यपानाबरोबर शिकार, परनिंदा आणि दिवसाची झोपही येते. शिवाय अमेरिकी कायदा अतिसेवन आणि अवलंबित्व या दोन गोष्टींत भेद करतो. स्वतः मद्याच्या विळख्यातून बाहेर आलेले आयोवाचे सिनेटर हॅरल्ड ह्यूज यांच्या पुढाकाराने १९७०च्या अखेरीस जो कायदा झाला, त्याच्या नावातच 'अल्कोहोल अब्यूज' आणि 'अल्कोहोलिझम' असे दोन वेगळे शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत. पहिल्याला 'व्यसन' म्हटले तर दुसऱ्यासाठी काय उरते? २०१३मध्ये तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेने अतिसेवन आणि अवलंबित्व यांतील भिंत पाडून एकच 'विकार' मानला. कायद्यांच्या नावांत मात्र ती भिंत अजून पुष्कळ ठिकाणी उभी आहे.

म्हणून माझी सूचना 'अंमली द्रव्यांचे घातक सेवन' ही आहे. येथे 'अंमली'त दारूही धरावी. नियंत्रित पदार्थांच्या व्याख्येतून अमेरिकेने दारू आणि तंबाखू वगळले आहेत, परंतु उपचारसेवांसाठी १९९२मध्ये जी नवी यंत्रणा उभी केली, तिच्या नावातला 'सबस्टन्स' दारूलाही कवेत घेतो. वाचकाने टिपणात हा भेद एकदा सांगून टाकावा. तसेच १९२९च्या कायद्यातील 'नार्कोटिक फार्म'चे भाषांतर 'अफूची शेती' असे करण्याच्या मोहात पडू नये. ती अफू पिकवण्याची जागा नव्हती, तर नशेच्या आहारी गेलेल्या कैद्यांना आणि स्वेच्छेने आलेल्या रुग्णांना ठेवण्याची होती. केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे १९३५मध्ये पहिली संस्था सुरू झाली. तेथे शेतीही होती, आणि कैद्यांवरच प्रयोग करणारे संशोधन केंद्रही होते.

'अमली' की 'अंमली' याचा निकाल लांबवण्याचे कारण नाही. अरबीत अनुस्वार नाही म्हणून तो काढणाऱ्यांनी उद्यापासून 'अमलदार' आणि 'अमलबजावणी'ही लिहावे. तेवढी हिंमत नसेल तर 'अंमली' लिहावे. 'अमली'च्या बाजूने उच्चाराचा दाखला देणाऱ्यांना मी एवढेच विचारेन की 'अंमल चढला' हे ते कसे उच्चारतात.

राहिला 'हेल्थ प्लॅनिंग'चा प्रश्न. 'आरोग्य नियोजन' बरोबर आहे. 'नियोजन'मधला 'युज्' धातू जुंपण्याचाही आहे, आणि ते येथे शोभते, कारण ह्यूज यांच्या कायद्यात आणि १९७२च्या नशाविषयक कायद्यात राज्यांनी आपला आराखडा सादर करणे ही संघराज्याचे अनुदान मिळण्याची अट होती. मात्र १९७४चा राष्ट्रीय आरोग्य नियोजन कायदा हा वेगळा आहे. नवे रुग्णालय बांधण्यापूर्वी त्याची गरज सिद्ध करून दाखल्याची वाट पाहायला लावणारा तो कायदा १९८६मध्ये रद्द झाला, आणि टिपणात त्याची सरमिसळ करू नये.