वाचकांचे प्रश्न : काल्पनिक घराण्याची वंशावळ

प्रश्न : माझ्या कादंबरीतले जग पूर्ण काल्पनिक आहे. त्यातले नीलदुर्गकर हे सरदार घराणे ६०० वर्षे जुने आहे. मूळ पुरुषापासून आजवर १२ जण गादीवर बसले, सगळे बापामागून लेक. वंशावळ मित्राला दाखवली, तर तो म्हणाला, खोटी वाटते. कुठे चुकले?

उत्तर : भागाकार चुकला आहे. ६०० ला १२ ने भागले की प्रत्येक पिढीला ५० वर्षे येतात. एखाद्या पिढीत बाप-लेकात इतके अंतर पडते, पण ओळीने बारा वेळा पडत नाही. शिवाजी महाराजांचा जन्म १६३०चा, संभाजी महाराजांचा १६५७चा आणि शाहू महाराजांचा १६८२चा. म्हणजे अंतर २७ आणि २५ वर्षांचे. पिढीला २५ ते २८ वर्षे धरलीत, तर ६०० वर्षांत २२ ते २४ पिढ्या लागतात.

गादीवर बसलेल्यांची संख्या मात्र पिढ्यांइतकीच नसते. भट घराण्याकडे पेशवाई १७१३ ते १८१८ अशी १०५ वर्षे होती. रघुनाथराव धरून पेशवे आठ झाले, म्हणजे सरासरी कारकीर्द जेमतेम १३ वर्षांची. पिढ्या मात्र पाचच. कारण भावामागून भाऊ आला, पुतण्यामागून काका आला. सवाई माधवरावांचा जन्म एप्रिल १७७४चा. त्यांच्यानंतर गादीवर आलेले दुसरे बाजीराव नात्याने त्यांचे चुलत काका, पण जन्म जानेवारी १७७५चा. काका पुतण्याहून नऊ महिन्यांनी लहान! अशी एखादी गाठ तुमच्या वंशावळीत आली, की ती खरी वाटू लागेल.

मोठा कागद आडवा घ्या. एका पिढीला एक आडवी ओळ द्या आणि प्रत्येक नावाखाली जन्म, गादीवर बसल्याचे साल, मृत्यू आणि आईचे नाव लिहा. आईचा रकाना हटकून गाळला जातो, आणि पुढे कथानक तिथेच अडते. कोल्हापूरच्या गादीवर आधी ताराबाईंचे पुत्र शिवाजी होते. १७१४ मध्ये त्यांना बाजूला सारून राजसबाईंचे पुत्र संभाजी आले. बाप एकच, राजाराम महाराज. नुसती बापांची नावे लिहिली असती, तर हा बदल का झाला हे वंशावळीतून कधीच कळले नसते.

प्रश्न : एका पिढीत सरदार निपुत्रिक मरतो. तिथे मी दत्तक दाखवला आहे. एवढे पुरेल का?

उत्तर : दत्तक दाखवलात हे चांगले केलेत, पण त्याचे नियम आधी ठरवून लिहून ठेवा. दत्तक कोण घेऊ शकतो? मेलेल्या सरदाराची विधवा घेऊ शकते का? मुलगा भाऊबंदांतलाच हवा का? दत्तकानंतर औरस मुलगा झाला तर गादी कुणाची? आणि वरच्या सत्तेची मंजुरी लागते का?

या प्रत्येक प्रश्नावर आपल्याकडे राजकारण झाले आहे. रघुनाथरावांनी अमृतरावांना दत्तक घेतले आणि नंतर दुसरे बाजीराव जन्मले. अमृतराव वयाने थोरले, पण हक्काने मागे पडले. १८०२ मध्ये बाजीराव पुणे सोडून गेले, तेव्हा यशवंतराव होळकरांनी कारभारासाठी याच अमृतरावांना पुढे आणले. मागे पडलेला दत्तक असा एका पिढीनंतरही कुणाच्या तरी कामी येतो.

त्याआधी १७९६ मध्ये तर सवाई माधवरावांच्या पत्नी यशोदाबाईंच्या मांडीवर बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा यांना दत्तक देऊन पेशवाईची वस्त्रे दिली गेली. नात्याने मृताचा चुलत काका त्याचाच मुलगा झाला. हे दत्तविधान टिकले नाही आणि वर्ष संपण्याआधीच बाजीराव गादीवर आले. तुमच्या वंशावळीत असे नाव खोडू नका. तुटक रेषेने जोडा, कारण त्या बाजूने उभे राहिलेले लोक दत्तक रद्द झाल्यावर नाहीसे होत नाहीत.

मंजुरीचा प्रश्न सगळ्यांत जीवघेणा. १८४८ मध्ये साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी मृत्यूच्या तोंडावर दत्तक घेतला. कंपनी सरकारने तो मानला नाही आणि राज्यच खालसा केले. दत्तविधान शास्त्राप्रमाणे होऊनही घराणे बुडू शकते, ते असे.

प्रश्न : पिढ्यान्पिढ्या तीच नावे ठेवली तर वाचक गोंधळेल का?

उत्तर : आजोबांचे नाव नातवाला ठेवायची चाल खरीच आहे, ती सोडू नका. नावापुढे बापाचे नाव लावा. पण तिथेही जपा. बाजीराव बल्लाळ आणि माधवराव बल्लाळ यांत ‘बल्लाळ’ म्हणजे बाळाजीचा मुलगा, मात्र पहिला बाळाजी विश्वनाथ आणि दुसरा बाळाजी बाजीराव. म्हणून घरगुती नावही द्या. बाळाजी बाजीराव सगळ्यांना नानासाहेब म्हणूनच आठवतात.

घराण्याचा शिक्काही वंशावळीशेजारी लिहून ठेवा. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव असे, मग पेशव्याचे. त्यामुळे दोघांपैकी एक बदलला की शिक्का नवा घडवावा लागे. जुन्या शिक्क्याचे आणि नव्या तारखेचे पत्र सापडले, तर ते बनावट आहे हे तुमच्या नायिकेला एका नजरेत कळेल. शिक्का पत्राच्या माथ्यावर असतो. मजकूर जिथे संपतो तिथे मोर्तब, म्हणजे समाप्तीचा छोटा शिक्का, करतात, म्हणजे खाली कुणाला ओळ घुसडता येत नाही. बनावट पत्र करणारा शिक्का हुबेहूब उठवतो आणि मोर्तबाची जागा चुकवतो, असे दाखवायला हरकत नाही.