विद्यापीठातील विद्यार्थ्यांना मदत करावी की सामाजिक उपक्रमांना? देणगी नेमकी कशी द्यावी?

दरवर्षी बाजूला काढता येईल अशी एक बेताची रक्कम आपल्याकडे आहे आणि ती एखाद्या विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीसाठी द्यावी की वस्तीतल्या अभ्यासवर्गासारख्या उपक्रमाला, असे आपण विचारले आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी करणाऱ्या समितीवर मी बरीच वर्षे काम करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, पैसे वेळेवर हातात पडतात की नाही आणि त्यांच्यावर अटी किती घातलेल्या असतात, यावरच देणगीचा बराचसा उपयोग ठरतो.

गुणवत्ता यादीत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला देणगीदार सहज मिळतात. शिक्षण अर्धवट सुटते ते बहुधा मधल्या फळीतल्या विद्यार्थ्याचे, आणि तेही अनेकदा किरकोळ रकमेपायी. आमच्यासमोर पुन्हा पुन्हा येणारा अर्ज असा असतो : विद्यार्थी शेवटच्या वर्षाला आहे, सर्व विषय सुटलेले आहेत, पण मागील सत्राच्या शुल्काची थोडी बाकी राहिल्यामुळे पुढची नोंदणी अडली आहे, मंजूर झालेल्या शिष्यवृत्तीचा हप्ता सत्र संपता संपता येणार आणि शुल्क मात्र सुरुवातीलाच भरायचे आहे. अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून अशा विद्यार्थ्यांसाठी छोटी अनुदाने सुरू केली. अर्जाची वाट न पाहता विद्यापीठ स्वतःच थकबाकीदारांची यादी तपासते आणि पदवीच्या जवळ पोहोचलेल्यांची बाकी भरते. हे अनुदान सरासरी सुमारे ९०० डॉलरचे होते, आणि एवढ्यावर अनेकांची पदवी पूर्ण झाली. आपल्या रकमेचा विद्यार्थ्यांसाठीचा वाटा अशाच तातडीच्या निधीला द्यावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

आपल्या नावाने कायम निधी उभारण्याचा विचार असेल, तर आधी हिशेब करून पाहावा. मुद्दल टिकून राहावे म्हणून अनेक विद्यापीठे अशा निधीतून दरवर्षी साधारण ४ ते ५ टक्केच खर्च करतात. म्हणजे एका विद्यार्थ्याला वर्षाला जेवढे द्यायचे, त्याच्या वीस ते पंचवीस पट रक्कम आधी जमा करावी लागते. धुणी धुऊन आयुष्य काढलेल्या ऑसिओला मॅकार्टी यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतीलच सदर्न मिसिसिपी विद्यापीठाला शिष्यवृत्तीसाठी दीड लाख डॉलर दिले, ती रक्कम म्हणजे त्यांच्या आयुष्यभराच्या बचतीचा मोठा भाग होता. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, परंतु वर्षाला थोडे थोडे देणाऱ्याने हा मार्ग धरू नये.

अभ्यासवर्गाला वह्या आणि दप्तरे देणारे पुष्कळ भेटतात. शिकवणाऱ्यांचे मानधन आणि खोलीचे भाडे देणारा मात्र शोधावा लागतो. ‘माझा पैसा व्यवस्थापनावर खर्च होऊ नये’ ही अट ऐकायला रास्त वाटते, पण तिच्यामुळे चांगली माणसे वर्षभरात निघून जातात आणि वर्ग बंद पडतो. विश्वास बसेल अशी संस्था निवडावी, तिचा तपासलेला जमाखर्च वाचावा आणि मग पैसा कशावर खर्च करायचा हे तिच्यावर सोपवावे.

मुळात आपण दोहोंपैकी एक निवडण्याचीही गरज नाही. ज्याला फावल्या वेळात चार पैसे मिळवावेच लागतात, त्या विद्यार्थ्याला विनामोबदला समाजसेवा परवडत नाही. म्हणून अशा उपक्रमांत बहुधा घरचे बरे असलेलेच विद्यार्थी दिसतात. गरजू विद्यार्थ्याने वस्तीतल्या मुलांना शिकवावे आणि त्याचे मानधन आपल्या देणगीतून मिळावे, अशी व्यवस्था विद्यापीठ आणि संस्था मिळून करू शकतात.

देणगी देण्यापूर्वी विद्यापीठाला एक प्रश्न जरूर विचारावा : आमच्या रकमेइतकी विद्यार्थ्याची दुसरी मदत कमी तर केली जाणार नाही ना? काही ठिकाणी तसे होते, आणि मग विद्यार्थ्याच्या पदरी नवे काहीच पडत नाही. उत्तर लेखी घ्यावे. विद्यार्थ्याने व्यासपीठावर येऊन आपल्या गरिबीची कहाणी सांगावी, अशी अपेक्षा कृपया ठेवू नये. आणि एकदा हात दिला, की पदवी पूर्ण होईपर्यंत दरवर्षी सत्र सुरू होण्याआधीच पैसे पोहोचतील, एवढे पाहावे.