निळा जिलेटिन लावला की स्टेज काळं का पडतं?

प्रश्न: गणपतीत आमच्या मंडळाची एकांकिका आहे. पिवळ्या बल्बवर लाल जिलेटिन पेपर मस्त दिसतो, निळा लावला की रात्रीचा सीन दिसतच नाही. कुठला बल्ब घेऊ?

उत्तर: अहो, जिलेटिन रंग तयार करत नाही, बल्बच्या उजेडात जे रंग आहेत त्यातला आपला तेवढा पुढे सोडतो नि बाकीचे अडवतो. पिवळ्या बल्बमध्ये लाल-केशरी भरपूर, निळा अगदी थोडा, मग येणार काय? निळ्यासाठी ६५०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) पांढरा एलईडी घ्या, फरक लगेच कळेल. लालसाठी २७०० किंवा ३०००चा वॉर्म व्हाइट, पण खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९०च्या पुढे आहे ना बघा, कारण स्वस्तातल्या एलईडीत गडद लाल कमी असतो. हॅलोजन असेल तर प्लीज जपून, काचेला चिकटवलेला कागद आधी मधोमध फिका पडतो, मग आकसून भोक पडतं, साधा सेलोफेन तर पेटूही शकतो, तिथे लाइटवाल्याकडचा उष्णता सहन करणारा फिल्टरच फ्रेममध्ये लावा. आणि निळा फिकाच घ्या, पोरं एवढी तालीम करतायत, त्यांचे चेहरे दिसायलाच हवेत.